मामीच्या शेजारची मोकळी जागा

विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागातल्या आम्हा सगळ्यांना फोटोग्राफी शिकायला धाडलं होतं ना, तेव्हाची गंमत. शिकवणारा म्हणाला, "माणूस कडेला घ्या. तो बघतो तिकडे जागा मोकळी सोडा." मला ती विद्या इतकी चढली, की थेट मामांचं कोरगाव गाठून काजूच्या बागेत मामीचा तसाच फोटो काढला आणि आमच्या वार्तापत्राच्या मुखपृष्ठावर छापला!

अंक गावात पोचला आणि गावभर एकच प्रश्न: "हिच्या घोवाक कित्याक कापलो?" म्हणजे, हिच्या नवऱ्याला फोटोतून का कापलं?

मामा माझ्याशी बोलेनात. शेवटी त्यांनी स्वतःचा पासपोर्टचा फोटो त्या मोकळ्या जागेत चिकटवला आणि ते मुखपृष्ठ फ्रेम करून भिंतीवर टांगलं.

मामीने कपाळावर हात मारला. "म्हणजे आता जल्मभर मी ह्यांच्याच तोंडाकडे बघीत रवू?"