खिडकीतला 'वि'

पाणी नंतर. आधी तो बोर्ड भिंतीपासून लांब घ्या — लांब म्हटलं! ओट्यावरही नको — तिन्नै म्हणतो आम्ही याला, बाहेरच्या माणसानं बसायची जागा. तुम्ही बसा, बोर्ड नको. आणि तनयाताई काय? मी लहान आहे तुमच्याहून. काय छापलंय हे — 'तंजावरी मराठ्यांचे घर. येथे एकोजीरावांच्या तीन पिढ्या नांदल्या.' नांदल्या! अनय, तुम्ही पुण्याहून आलात, सहा वर्षं इथल्या सिरुसेरीच्या आयटी पार्कात कॉम्प्युटरसमोर बसलात, आणि आता रविवारी मराठी मंडळाचे पाहुणे होऊन आमचा इतिहास आमच्याच भिंतीवर ठोकणार. माझं मराठी ऐकून हसलात ना मघाशी? बघितलं मी. हसा. तुमच्याकडे शिवाजीनगर आहे, आमच्याकडे एवढंच उरलंय.

आणि कोपऱ्यात हे चित्र? आमच्या खिडकीची जाळी — 'मराठा शैलीची वेल'. अय्यो! वेल नाही हो ती, अक्षर आहे. तमिळ. 'वि'. सहा वर्षांत बसवरची पाटी तरी वाचायला शिकायचं! वि म्हणजे विजयलक्ष्मी. गिंडीत तिच्या वडिलांचं छोटं वर्कशॉप होतं — लेकीचं अक्षर त्यांनी स्वतः वाकवलं, स्वतः वेल्डिंग केलं, आणि नुंगंबाक्कमात हे घर बांधलं तेव्हा रस्त्याच्या बाजूला बसवलं. सगळ्या गल्लीला वाचता येतं. तुम्हालाच नाही.

मग एकोजीराव कोण? माझे आजोबा, तात्ता. राव कुणी म्हणत नव्हतं त्यांना, पोस्टात कारकून होते. मागच्या खोलीत राहायचे — हो, भाडेकरू — हे मी सांगणार नव्हते, पण तुम्ही बोर्डच घेऊन आलात! अडुसष्ट साली विजयलक्ष्मीच्या नवऱ्याची रेल्वेतून खरगपूरला बदली झाली. तिनं इथं, या तिन्नैवर, किल्ल्या तात्तांच्या हातात दिल्या आणि म्हणाली, 'पोय्ट्टु वरेन.' जाऊन येते. तमिळमध्येही नुसतं 'जाते' म्हणत नाहीत, आपल्यासारखंच. नऊ वर्षांनी ती आली — खरंच आली — तर कागद तात्तांच्या नावावर. कसे, विचारू नका. का विचारू नका? विचारा! मी कायदा शिकलेय, मी बघितलेत ते कागद, सही तिची नाहीये. तात्तांनी तिला बसवलं, कॉफी दिली आणि म्हणाले, 'अम्मा, निघताना सगळेच येते म्हणतात. ते काय खरं धरायचं असतं?' आमच्याकडे लग्नाकार्यात हा विनोद म्हणून सांगतात. काका तर तात्तांचा आवाज काढून सांगतात. सगळे पोट धरून हसतात.

मी नाही हसत. मी झोपड्या पाडायला येतात तिथं बुलडोझरसमोर बसते, पोलिसांनी दोनदा उचललंय मला — असं काय बघता? मग या घराचं तुम्ही काय केलंत, हेच ना? विजयलक्ष्मीची नात आली होती गेल्या महिन्यात. नित्या. घर नको होतं तिला, कागद नको होते, ती खिडकी फक्त आतून बघायची होती. आजीला आतून अक्षर उलटं दिसायचं म्हणे. पाच मिनिटं. आणि मी — मी दार ओढून घेतलं मागं. इथंच बसवलं. कॉफी दिली. फिल्टरची, चांगली. आत पाऊल पडलं असतं तर पुढं काय काय उघडावं लागलं असतं, ते मला कळतं ना — शिकलेय ना मी! पेला ठेवला तिनं, म्हणाली, 'वरेन.' येते. माझ्याकडे बघत म्हणाली.

बोर्डवर विजयलक्ष्मीचं नाव घालाल? वर, पहिलं? — मराठी नाही ती. बरोबर. मंडळाला कसं चालेल. मग उचला. दोन्ही हातांनी उचला, घासेल भिंतीला. पायरी बघा. काय म्हणालात? येतो?

नाही. इथं येतो म्हणायचं नाही. अपशकुन होऊ दे झाला तर. जातो म्हणा. — मोठ्यानं म्हणा, जातो.