शून्य नंबरचा कोअर

आई: सकाळपासून तुझा नवरा त्या स्क्रीनसमोर असा बसलाय, जणू तिनंच याला घराबाहेर काढलंय. चहा दिला, त्यावर साय धरली. काय झालं विचारलं, तर म्हणतो, तुला नाही कळायचं. चाळीस बायकांचा शिलाईचा कारखाना चालवला मी, आणि मला नाही कळायचं.

सून: पाकिटं भरणाऱ्या कंपनीचं काम आहे, आई. पट्ट्यावरून पाकीट जातं, आमचा प्रोग्रॅम त्याचं वजन वाचतो, कमी भरलं असेल तर बाजूला ढकलायला लावतो. पण मध्येच वाचायला उशीर होतो आणि तसलं पाकीट पुढे निघून जातं. आज चारपर्यंत हे थांबलं नाही तर काम दुसऱ्यांना देणार आहेत.

आई: मशीन म्हातारं असेल.

सून: नवंकोरं आहे. त्याच्या प्रोसेसरमध्ये आठ कोअर आहेत, आठ कारागीर समजा. प्रोग्रॅममधल्या एकेका कामाला थ्रेड म्हणतात. कोणतं काम कुणाकडे, ते एरवी मशीनच ठरवतं, सारखी हलवाहलव करतं. यानं प्रत्येक थ्रेड एकेका कोअरला बांधून टाकलाय.

आई: बरोबर केलं. बाईला रोज नव्या मशीनवर बसवलं, तर तिचा अर्धा दिवस मशीनचा स्वभाव ओळखण्यात जातो.

मुलगा: हेच मी म्हणतोय. हिला वाटतं, बांधलं हीच चूक.

सून: बांधण्याला मी नावं ठेवलीच नाहीत. वजनाचा थ्रेड कुठे बांधलास ते बघ, एवढंच म्हणतेय.

मुलगा: शून्यावर. मोजणी तिथून सुरू होते, म्हणजे तो पहिला कोअर. सगळ्यात महत्त्वाचं काम शेवटच्या बाकावर बसवू?

सून: आई, त्या मशीनवर बाहेरून काहीही आलं, नेटवर्कचा निरोप म्हणा, प्रिंटरची कुरकुर म्हणा, की शून्यालाच हातातलं सोडून आधी ते बघावं लागतं.

आई: म्हणजे दाराजवळची बाई.

सून: तीच.

आई: माझ्याकडे काजं करणारी एक होती. हात असा, की गिऱ्हाइकानं बघत राहावं. म्हणून मी तिला दारात बसवली. कुरिअरवाला आला, तिला विचारणार. बटणांचा व्यापारी आला, तिला विचारणार. संध्याकाळी काजं वाकडी, आणि बोलणी तिलाच.

सून: मग तुमच्या लक्षात कसं आलं?

आई: तिनंच सांगितलं होतं की. पहिल्याच आठवड्यात.

सून: आणि तुम्ही?

आई: म्हटलं, जागा मी ठरवते, तू काजं कर. पुढे ती भांडली नाही, रुसली नाही, नुसती यायची बंद झाली. दुसरी मिळेना म्हणून मी स्वतः त्या खुर्चीत बसले. दुपारपर्यंत अक्कल आली. तू याला कधी सांगितलंस?

सून: मंगळवारी.

आई: आज शुक्रवार.

सून: म्हणाला, तू चाचण्या बघ, मांडणी माझ्यावर सोड.

मुलगा: म्हटलं असेन. माझ्या डोक्यात दहा गोष्टी असतात.

आई: त्यातली एक काढ आणि हिचं ऐक.

मुलगा: हलवतो. पाचवर टाकतो.

सून: पाचवर नोंदी लिहिणारा थ्रेड आहे. तो शून्यावर आण. त्याला थोडा उशीर झाला तरी कुणाचं अडत नाही.

मुलगा: माहितीये मला.

(पाऊण तासानं मुलाचा फोन वाजतो.)

मुलगा: बोला साहेब. एकही सुटलं नाही? अहो, विशेष काही नाही. वजनाचं काम शून्य नंबरच्या कोअरवर ठेवायला नको होतं, ते माझ्या लक्षात आलं. अनुभवानं कळतं. हो, ठेवतो. (फोन ठेवून) काम राहिलं आपल्याकडे.

सून: छान झालं.

आई: कुणाच्या लक्षात आलं म्हणालास?

मुलगा: आता फोनवर सगळी कथा कुठे सांगू, आई? आम्ही दोघं काय वेगळे आहोत?

आई: वेगळे नाही, तर हिचं नाव घ्यायला जीभ का अडली?

सून: राहू द्या, आई.

आई: तू थांब, तुझी वकिली करत नाहीये मी. काजंवाली गेली, तेव्हा दारातली खुर्ची हलवायचं मलाच सुचलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. वीस वर्षं सांगतेय. आणि तू रे, फोन लाव परत, आणि कुणाला कळलं होतं ते सांग. आणि इकडे बघ जरा. अगदी माझ्यावर गेलायस तू. हे मी कौतुकानं म्हणत नाहीये.