चिमटा उघडू नका

…नको, मावशी, हात काढा तिथून. नळीला लावलाय ना, तो चिमटा उघडायचा नाही — मला कळतंय काका कळवळतायत, मी शेजारच्याच खाटेवरच्या पेशंटबरोबर आहे, आठ दिवस हेच ऐकतोय. पण डॉक्टर मानसी मॅडम आत्ताच नळीतून औषध सोडून गेल्या, दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत. दोन तास ते आत राहिलं पाहिजे. घड्याळ दारावर आहे बघा — साडेअकरा — म्हणजे दीडपर्यंत. दीडला सिस्टर येतील, त्याच उघडतील. आपण नाही. काका, आता डाव्या कुशीवर व्हा — हां, असं. धरा त्यांना, मी नळी सांभाळतो.

तुम्हाला नीट सांगितलं का, काय औषध आहे ते? म्हणजे सांगितलं असेल, तुम्ही मान हलवली असेल. सगळे तेच करतात. मी पण तेच केलं. आठवीत शाळा सोडली, समोरच्या टॉवरमध्ये काचा पुसतो, मी काय डॉक्टरला परत विचारणार? नंतर मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हे फुप्फुस. न्यूमोनिया झाला, फुप्फुसाच्या बाहेर पाणी जमलं, पाण्याचा पू झाला. नळी घातली की तो बाटलीत यायला पाहिजे — पण येत नाही. का? तर आत जाळी धरलेली असते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, कप्प्याकप्प्यात पू अडकतो. हे औषध म्हणजे एन्झाइम, ते ती जाळी खातं. पण खायला वेळ लागतो, म्हणून चिमटा. लवकर उघडलं तर काय होतं? औषधच बाटलीत येतं. आणि आपण खूश — बाटली भरली, बाटली भरली! ह्या वॉर्डात तेच आहे ना, सकाळी तोंड धुतलं की एकमेकांच्या खाटेखाली वाकून बघायचं, तुमची किती, आमची किती. कोपऱ्यातले रामदासकाका तर पेढे वाटायचेच बाकी होते, साडेचारशे मिली आलं म्हणून.

माझं ऐका हो. इथं एकाने उघडला होता. एका पेशंटच्या पोराने. बाप रडत होता म्हणून — म्हणजे रडत पण नव्हता, तीस वर्षं माझगावला गोदीत बोटी रंगवलेला माणूस, शिडीवरून पडून हात मोडला तेव्हा हूं का चूं नाही केलं, तो माणूस चादर दातात धरून — "बाळा, आतून कोणतरी बरगडी उचकटतंय रे, सोड ना ते" — आता सांगा, पोराने काय करायचं? सिस्टर एक आणि खाटा चाळीस. त्याने उघडला. नळीतून लाल-पिवळं धो धो आलं, म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला, झोपला. सिस्टर यायच्या आधी चिमटा परत जागेवर. बाटलीची लेव्हल सकाळी एकदाच लिहितात, कोणाला कळणार? आणि एकदाच हो. एकदाच उघडला.

असं नका बघू, मावशी.

बरं, मीच. तुम्हाला समजलंच आहे तर — मीच तो, आणि हे आमचे बाबा, पलीकडे तोंड करून झोपलेत ते. झोपलेत की नाही माहीत नाही, हळू बोला. आणि एकदा नाही. सहा डोस होते, तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. पहिला पूर्ण ठेवला, आईशप्पथ, पूर्ण दोन तास — त्या वेळी सातशे आलं, खरा पू, मॅडम केवढ्या खूश! म्हणजे लागू पडत होतं ना औषध? पण ते दोन तास मी बघितले होते. पुढचे पाचही मी — पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, शेवटच्याला तर पाचच. शेवटी शेवटी बाबा मागायचे पण नाहीत, नुसते माझ्याकडे बघायचे. माझाच हात जायचा.

चित्र? चित्र काल काढलं हो त्यांनी. सगळे डोस संपल्यावर. एक्स-रे तसाच आला, मग समजवायला, की औषधाने काम केलं नाही, आता ऑपरेशन का लागणार. तेव्हा कळलं मला. आधी फक्त 'चिमटा उघडू नका' एवढंच होतं, आणि मला वाटलं, सलाइन थोडं लवकर काढलं तर काय बिघडतं, तसंच हे.

आज बारा वाजता नेणार. बरगड्यांमधून उघडून फुप्फुसावर धरलेली साल सोलून काढणार. बाबांचं हृदय पस्तीस टक्केच चालतं, म्हणून तर आधी औषध देऊन बघितलेलं. टेबलावर काय पण होऊ शकतं, असं वाचून दाखवलं, मी सही केली. ताई नालासोपाऱ्यावरून निघालीय, तिला पण सांगितलं नाही. तुम्ही म्हणाल, मग आता सांग. मला कळत नाही का? पाच डोस फुकट गेले म्हटल्यावर मॅडम परत देऊन बघतील, कदाचित नाही कापणार. सकाळपासून चार वेळा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आलो. आणि मग त्याच इथं आल्या. रोज बाबा त्यांना 'जय भीम, डॉक्टर' करतात, त्या पण हसून 'जय भीम, बाबा' म्हणतात. आज पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "सॉरी बाबा, माझ्या औषधाने तुम्हाला नुसताच त्रास झाला." मावशी, मी तोंड उघडलंच होतं — बाबांनी चादरीखालून माझं मनगट धरलं. अंगात ताकद नाही, पण असं धरलं! त्या गेल्यावर म्हणतात, "प्रफुल्ल, गप राहायचं. मी दुखतंय म्हटलं म्हणून तू केलंस. कापतील ते मला कापतील. तुला कोणी चार माणसांत बोललेलं मला चालणार नाही." आता काय करायचं? त्यांचं ऐकायचं, की —

ट्रॉली आली. पावणेबारालाच आली. तुम्ही काकांजवळ थांबा, मावशी. बाबा, हळू, नळी मी धरलीय. भाऊ, बाटली खाली, खालीच ठेवा, वर नका घेऊ. — हो मॅडम, सही केलीय. रक्त पण दिलंय. ताई वाटेत आहे.

मला म्हणताय, मॅडम? काही विचारायचंय का म्हणून?

…मावशी, तुम्ही नका बोलू मध्ये. हात जोडतो. बसा खाली.

नाही मॅडम, त्यांच्या पेशंटला दुखतंय, त्याचं सांगतायत त्या. आमचं काही नाही.