शंभर मीटर, चौपट लयीत

तंजावरात तिरुवैयारुच्या बससाठी थांबलेल्या हरिप्रियाने मराठी ऐकून कान टवकारले. शेजारी मृदंग मांडीवर घेतलेले आजोबा नातीशी बोलत होते.

“तुमचा हात मंदावला म्हणून संगीत सभेनं आजची मैफल तुमच्या शिष्याला, श्रीकरला दिली होती ना?”

“म्हणून तर त्याला व्हिडिओ गेमच्या दुकानात नेलं.”

“धावणं, पोहणं, भालाफेक, सगळे खेळ असलेल्या मशीनवर?”

“शंभर मीटर धावलो. दोन बटणं जितकी भरभर बडवशील, तितका पडद्यावरचा माणूस पळतो.”

“मग?”

“श्रीकर दातओठ खात बडवत होता. मी आपले मृदंगाचे बोल, तकदिमि तकजणु, बटणांवर चौपट लयीत लावले. माझा माणूस पोचून हात हलवू लागला, त्याचा अजून पळतच होता!”

“मग आज कोण वाजवणार?”

“त्यालाच विचार गे. तो बघ, आलेल्या बसच्या खिडकीतून टॉवेल टाकून माझ्यासाठी सीट धरतोय.”