जुना रेडिओ वाशीमला निघाला

१९७४ साल असावं. मंगरूळपीरच्या एसटी स्टँडवर मी वाशीमच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर आसेगावचं एक जोडपं बसलं होतं, आणि दोघांच्या मधे गोधडीत गुंडाळलेला, बंद पडलेला मोठा रेडिओ.

“मी म्हन्तो, हा वाशीमच्या रेडिओ मिस्त्रीले देऊन टाकू. तो नवा ट्रान्झिस्टर जोडून देते. हलका रायते, खांद्याले लटकवता येते.”

“काहून? याच्यातला एक वाल गेला, तो काचेचा दिवा, तेवढा बदलून घ्या.”

“अवं भागिरथा, हा गरम होयेस्तोवर बातम्या सरतात.”

“तुमी उठेस्तोवर त बाजार सरते. म्या बदललं काय तुमाले?”

“हळू बोल, लोकं आयकून राह्यले.”

“आयकू द्या. हा जड हाय म्हनून घरात राह्यते. दुपारी आमी बाया गानी आयकतो. नवा त तुमच्यासंग पारावर जाईन, अन् मी काय चुलीची फुसफुस आयकत बसू?”

“तसं नाई वं. तुले वाटलं त वावरात नेत जाय.”

“खरंच? निंदाले नेऊ?”

“ने ना!”

“मंग नवाच जोडा. आमी बाया वावरात गानी आयकू. तुमी पारावर एकमेकाईचे तोंडं पाहत बसा.”

नवऱ्यानं रेडिओवरची गोधडी नीट सारखी केली.

“भागिरथा, तसं वाल बदलूनही भागते म्हना.”

“आता? आता मले नवाच पाह्यजे. उचला याले, गाडी लागली.”