घुंगराचा भाला

(गोंदियाचा दवाखाना. बाकावर डाक नेणारा हरकारा केवलराम, घोटा सुजलेला. शेजारी बायको जमुनाबाई.)

केवलराम : कापा, डॉक्टरसायेब! हात जोडतो. कापा अन् शिवून टाका.

डॉक्टर : अरे, पाय आहे, पोतं नव्हे. हाड शाबूत आहे. घोट्याचा सांधा धरून ठेवणारा बंध तुटलाय. प्लास्टर घालतो. सहा आठवडे पाय टेकायचा नाही.

केवलराम : सहा हप्ते? मरून जाईन ना मी!

डॉक्टर : घोट्यानं कोणी मरत नाही.

केवलराम : वैदूनं आठ दिस तेल चोळलं, अजून फुगला. नागपूरले कापतेत म्हणते ना?

डॉक्टर : कापतात. क्लोरोफॉर्म देऊन. पू झाला तर पायच जाईल. आणि शिवल्यावरही प्लास्टर सहा आठवडेच.

केवलराम : कापल्यावरबी सहाच?

डॉक्टर : सहाच. शिवलं की दुसऱ्या दिवशी धावशील, असं कोणी सांगितलं तुला?

केवलराम : कोनी नाई. मीच आस लावून बसलो होतो.

डॉक्टर : एवढी कसली घाई? डाक दुसरं कोणी नेईल.

केवलराम : नेऊन राहिली ना! हे काय, बसली. सौंदडच्या ठेसनावरून थैला घेते, माझा भाला घेते अन् जंगलातून पाच कोस धावते. परवा वाघ आडवा आला हिले.

जमुनाबाई : आडवा कायले? बाजूनं गेला. भाल्याचे घुंगरू वाजवले, गेला.

केवलराम : आयका! अन् मी घरी कान लावून बसतो, सायेब. जीव फाटते माझा.

डॉक्टर : पोस्टमास्तरला माहीत आहे?

जमुनाबाई : थैला टायमावर येते. त्याले तेवढंच पायजे.

केवलराम : सोडून दे म्हणतो ना मी!

जमुनाबाई : सोडली त दुसरा लागंल. मंग बरे झाल्यावर तुमी कुठं धावान? बांधा, डॉक्टरसायेब. सहा हप्ते मी जाईन.

केवलराम : नाई म्हणतो ना!

जमुनाबाई : लंगडे राहिले त जनमभर मलेच धावा लागंल. त्याच्यापरीस सहा हप्ते बरे.

डॉक्टर : केवलराम, मधेच पाय टेकलास तर सगळं फुकट. बोल, बांधू?

केवलराम : ...बांधा. आयक वो.

जमुनाबाई : काय?

केवलराम : नाल्यापाशी आली का जोरानं वाजवजो. घरी आयकू येते.