परतीचा माल

(वाळूजला कंपनीच्या गेटासमोरची चहाची टपरी. रामकिसन शेंद्र्याहून आला आहे. शिवराज त्याचा पुतण्या, कंपनीत अधिकारी.)

शिवराज : काका, आधी ते पोतं बाकड्याखाली सरकवा. लोक बघतायत.

रामकिसन : बघू दे की. धुऊन आनलंय. तुझ्या काकूनं राखेनं घासलं, तरी वास जाईना.

शिवराज : आहे काय त्यात?

रामकिसन : तुमच्याच वेफरच्या पिशव्या. कंपनीचं नाव हाय वर, वाच. चांदीच्या पोटातून निघाल्यात.

शिवराज : चांदी? आपली गाय? कशीय ती?

रामकिसन : गेली. पोट फुगून टम्म झालं, रवंथ बंद. डॉक्टर आला तवर डोळे फिरले व्हते. मग त्यानं फाडून दाखवलं.

शिवराज : अरेरे! फोन तरी करायचा.

रामकिसन : केला की. साहेब मीटिंगमदी हायत म्हनले.

शिवराज : गाय काय, कुठंही तोंड घालते. रस्त्यावरचं खाल्लं असेल.

रामकिसन : चांदी आपलं वावर सोडून कधी गेली नाय. पडक्या विहिरीकडं जायची, काठापत्तुर भरलेल्या तुमच्या मालाकडं. तिला मिठाची लई गोडी. दावणीत खडा ठिवायचो मी, तरी तिचं मन भरायचं नाय. पिशव्यांना आतून मीठ लागलेलं. लेकरं चाटत्यात तशी तीबी चाटत बसायची. मी येडा म्हनायचो, चाटू दे, मुकं जनावर हाय.

शिवराज : माल अजून विहिरीतच आहे?

रामकिसन : त्याला काय पाय हायत? तूच म्हनला व्हतास, काका, नवा कायदा आलाय, ज्यानं पिशवी इकली त्यानंच ती माघारी घ्यायची, वितळवून पुन्हा वापरायची. थोडे दिस विहिरीत ठिवू, मग कारखान्यात नेतो. मी गावभर सांगत फिरलो, माझा पुतन्या कचऱ्याचं सोनं करतोय.

शिवराज : ठेकेदारानं न्यायला हवा होता.

रामकिसन : मग त्याला म्हन, ने.

शिवराज : कसं म्हणू? कागदावर तो माल केव्हाच वितळला. त्याच्या कुंड्या झाल्या, खुर्च्या झाल्या.

रामकिसन : मग चांदीच्या पोटात काय व्हतं?

शिवराज : हळू बोला, काका. सही माझी आहे. उद्या काही निघालं तर कंपनी नामानिराळी राहील आणि मी घरी बसेन.

रामकिसन : तुझ्या पोटावर पाय द्यायला आलो नाय रे. चांदीची कालवड हाय मागं. आईमागं हिंडून तिलाबी तीच वाट ठाऊक. बांधली तर दावं तोडती. एक डाव ट्रक आन, विहीर मोकळी कर. बास.

शिवराज : मोकळी करून नेऊ कुठं? त्यापेक्षा मुरूम टाकून बुजवून टाकू. जेसीबीवाल्याला मी सांगतो.

रामकिसन : खाली पानी हाय, बाबा. शेजारच्याच बोअरचं आमी पितो.

शिवराज : पाण्याला काही होत नाही. खायचा माल भरायचं प्लास्टिक आहे ते. विषारी नसतं.

रामकिसन : नसतं?

शिवराज : नसतं, काका. शंभर टक्के. उगाच मनात काही आणू नका.

रामकिसन : बरं. तू शिकलेला, तुला कळतं. मग ही बरणी घे. काकूनं तुझ्या पोरीसाठी, श्रेयासाठी दिलीय. चांदीचं तूप. आता शेवटचंच.

शिवराज : चांदीचं?

रामकिसन : धर की. झाकन घट्ट हाय, सांडत नाय.

शिवराज : राहू द्या, काका. श्रेयाला… श्रेयाला नको.

रामकिसन : बरं. काकूला सांगतो, पोरगी आता तूप खात नाय.